नवा घ्यावा की जुनाच

सांडूराव साळवे एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले, पण हातातला पेचकस काही सुटला नाही. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या समोरच्या खोलीत स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर होते. सकाळी बुद्धवंदना लागली की गल्लीला कळायचं, साळवेमामा उठले. सेट बिघडला तर तेच उघडायचे, तेच जोडायचे. त्यांची बायको सुलेखाबाई फक्त त्यावर फडकं मारायच्या.

मागच्या थंडीत सांडूरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एकच शब्द राहिला, "बरं." चहा देऊ का विचारलं तरी बरं, नको का विचारलं तरी बरं. त्यांना समजतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

उन्हाळ्यात एका दुपारी व्होल्टेज वाढलं आणि सेटमधून जळका वास आला. मेकॅनिकनं झाकण उघडून पाहिलं आणि हात टेकले. ही जोडणी ज्यानं केली त्यालाच कळणार, म्हणाला. सुलेखाबाईंनी पलंगाकडं पाहिलं. सांडूराव छताकडं बघत होते.

त्यांची मुलगी रूपा पुण्याला असते. तिनं फोनवर सांगितलं, नवा घे, मोबाइलवरून चालतो, बिघडला तर कंपनीचा माणूस घरी येतो. सुलेखाबाईंना ते पटलंही. पण कॅसेटींचं काय करायचं? चाळीस वर्षांच्या जयंतीचे कार्यक्रम सांडूरावांनी स्वतः त्यांत भरून ठेवले होते. म्हणून त्या जुन्या बाजारात गेल्या. एका दुकानात टेपडेकसकट वापरलेला सेट निघाला. दुकानदारानं लावून दाखवला.

"भाबी, आवाज सुनो. वजनदार है," तो म्हणाला.

आवाज खरंच घरच्यासारखा होता. पण हा बिघडला तर उघडणार कोण?

सुलेखाबाईंनी त्या सेटचा फोटो काढला. नव्याचा रूपानं पाठवलाच होता. घरी येऊन त्यांनी मोबाइल नवऱ्यापुढं धरला.

"अहो, हा जुना घेऊ?"

"बरं."

"का नवा घेऊ, रूपा म्हणती तसा?"

"बरं."

"नुसतं बोटानं दाखवा. मला यातलं काय बी कळत नाय."

सांडूरावांनी डावा हात उचलला, मोबाइलवरून फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते कशासाठी, हे कोणाला विचारणार? सुलेखाबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

चार दिवस सुलेखाबाईंचं काही ठरेना. शेवटी रूपानंच नवा पाठवून दिला. लहानसा, गोल, काळा. आवाज मोठा आणि साफ. सांडूराव ऐकत राहिले, मग डावा हात हवेत धरून काहीतरी पिळल्यासारखा फिरवायला लागले. सुलेखाबाईंनी आवाज वाढवला, कमी केला, बंद केला. हात फिरतच राहिला. नव्याला फिरवायचं बटण नव्हतंच, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या पुन्हा जुन्या बाजारात गेल्या. सेट आदल्या संध्याकाळीच कन्नड गावच्या एका माणसानं नेला होता. दुकानदारानं त्यांचा नंबर लिहून घेतला, तसा माल आला तर कळवतो म्हणाला. आजकाल तसा माल येतो कुठं, हेही त्यानंच सांगितलं.

घरी पोचल्या तोच रूपाचा फोन आला. पप्पांना आवडला का, तिनं विचारलं.

"ऐकतात," सुलेखाबाई एवढंच म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी कॅसेटींचा खोका पलंगाखाली सरकवला आणि मालिशचं तेल कोमट करायला ठेवलं.