लिफ्टसमोरच्या अठरा चपला

वरठीहून सायकल हाणत मी भंडाऱ्याला येतो आणि एका पाच मजली बिल्डिंगच्या लॉबीत गार्ड म्हणून बसतो. लोकांना वाटतं, हा नुसता बसून पगार घेतो. एकदा बसून पाहा म्हणावं! येणाऱ्याचं नाव, गाव, कोणाकडे आला, काम काय, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सगळं रजिस्टरमध्ये मी लिहितो. पाण्याची मोटर मी सुरू करतो. गाई मी हाकलतो. आणि चपलाही मीच सांभाळतो.

चपलांचं असं आहे की आमच्या लॉबीची फरशी पांढरी आणि तोंड दिसेल इतकी चकचकीत. समोर स्टीलची लिफ्ट. खेड्यावरून आलेला माणूस ते पाहून दारातच थबकतो आणि लिफ्टसमोर चपला काढून मोकळा होतो. 'राहू द्या जी, घालूनच जा,' असं कितीही सांगा, ऐकतो कोण? मी त्यांना हसत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी स्वतःच बूट काढून टेबलाखाली ठेवले होते आणि मोज्यांवर उभा राहून सेक्रेटरी साहेबांना सलाम ठोकला होता.

त्या रविवारी मला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. सकाळी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी खाली आली. तिच्या वडिलांचं बाजारात पितळी भांड्यांचं दुकान आहे. बाकी सगळी बिल्डिंग मला 'ए गार्ड' म्हणते, ही एकटी 'काका' म्हणते, त्यामुळे माझा जीव तिच्यावर जरा जास्तच.

"काका, आज लाखांदूरकडचे पाहुणे येऊन राहिले, मले पाहाले," ती हळूच म्हणाली. "पोरगा तं मी कॉलेजातच पाहून ठेवला. आता त्याच्या घरच्यायले मी पसंत पडली पायजे. काही गडबड होऊ देऊ नका बरं."

"मी असताना गडबड? नावच नको घेऊ!" मी छाती काढून सांगितलं. आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

अकरा वाजता दोन ऑटोंतून नऊ पाहुणे उतरले. धोतर-टोपीतले आजोबा पुढे, त्यांच्या पायांत करकर वाजणारे नवे जोडे. मी नाव-गाव लिहून घेतलं. "काम काय लिहू?"

आजोबा सावध माणूस. "भेट लिवा. नुसती भेट."

मी 'भेट' लिहिलं. लिफ्ट खाली येईपर्यंत मुलाची आई आपल्या जावेला म्हणाली, "शहरातली पोरगी हाये. आपल्या घरी धानाचा चिखल, शेणाचा सडा. घालन का थे हात?" जाऊबाईंनी नुसतेच ओठ मुडपले. मग नऊच्या नऊ जणांनी लिफ्टसमोर चपला काढल्या आणि अनवाणी वर गेले.

आता एवढ्या चपला उघड्यावर ठेवायच्या कशा? आमच्या गल्लीतलं एक कुत्रं नवं चामडं दिसलं की सोडत नाही. मी तांदळाची रिकामी चुंगडी, म्हणजे पोतं, आणली, अठराही चपला-जोडे तिच्यात भरले, तोंड बांधलं आणि चुंगडी कुत्र्याच्या नजरेआड, गेटच्या खांबामागे ठेवली. तिथे कचऱ्याची पोती ठेवतात हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मी स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की काय सांगू! तेवढ्यात इंटरकॉम वाजला. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी नाही. मी मोटर सुरू करायला मागे धावलो. परत आलो तर कचरागाडीचं गाणं कोपऱ्यावरून वळत होतं आणि खांबामागे काहीच नव्हतं.

पाहुणे अनवाणी परत गेले तर कोण सोयरीक करेल? मी सायकलवर टांग टाकली, तोंडात शिट्टी धरली आणि सुटलो. लॉबी सोडायची नाही हा पहिला नियम; तो गेला उडत. शिट्टी ऐकून ऑटोवाले बाजूला झाले, एक बाई तर पोलीस समजून आपली स्कूटी रस्त्यावरून मागे घ्यायला लागली. पितळी भांड्यांच्या दुकानांसमोर टेम्पोतून हंडे उतरत होते, म्हणून गाडी अडकली होती. मी सरळ मागच्या बाजूने वर चढलो.

"ओ जी, काय करून राहिले?" ड्रायव्हर ओरडला.

"पाहुण्याइच्या चपला गेल्या बापा! पोरगी पाहाले आले हायेत!"

हे ऐकल्याबरोबर त्या भल्या माणसाने गाणं बंद केलं आणि स्वतः कचऱ्यात उतरला. चुंगडी सापडली, पण फाटलेली. पपईची सालं, चहाचा चोथा, वरणभात, सगळ्यातून आम्ही एकेक चप्पल उपसली. मी मोजल्या. अठरा! पुन्हा मोजल्या. अठरा! मी त्या ड्रायव्हरला मिठीच मारली, आणि आम्हा दोघांनाही तेव्हा कसलाच वास आला नाही.

लॉबीत पोचलो तर पाहुणे खाली येऊन अनवाणी उभे. मुलीच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडलेला, सेक्रेटरी साहेबांचा लाल. मी काही लपवलं नाही. चुंगडी चकचकीत फरशीवर टेकवली, जे झालं ते सांगितलं आणि मान खाली घातली. वास असा सुटला की जाऊबाईंनी पदर नाकाला लावला.

मुलगीच पुढे झाली. भरजरी साडीचा पदर तिने कमरेला खोचला, चुंगडी ओढत अंगणातल्या नळाकडे नेली आणि पाइप लावून आजोबांचा जोडा हाताने चोळायला बसली. चिकटलेला भात तिने नखाने खरवडला. मुलगा आईकडे न बघता पँट दुमडून तिच्या शेजारी जाऊन बसला. दोघं खाली मान घालून हसत होते. मुलाची आई बराच वेळ तिच्या हातांकडे पाहत राहिली, मग तिने हळूच आपली चप्पल उचलून सुनेकडे द्यावी तशी पुढे केली.

ऑटो आले, सगळे बसले. आजोबा मात्र ओले जोडे पचपच वाजवत परत माझ्या टेबलाशी आले.

"रजिस्टर काढा जी. थे भेट खोडा."

"मग काय लिहू?"

"सोयरीक लिवा."

मी रजिस्टर उघडलं. रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर घरी बसशील, असं सेक्रेटरी साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि ते शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"लिव ना बापा लवकर," ते म्हणाले, "पाहुण्याइची एसटी सुटून राहिली."