फक्त प्रश्न उरलेली भाषा

माझी नात मुंबईला भाषाशास्त्र शिकते. या थंडीत ती सुट्टीसाठी माझ्याकडे, कर्जतजवळ दहिवलीला आली तेव्हा तिच्या डोक्यात दक्षिण अमेरिकेतलं एक नामशेष झालेलं भाषाकुळ होतं. आम्ही दोघं ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होतो आणि ती मला त्याच्याबद्दल सांगत होती. कुळाचं नाव हुआर्पे. अर्जेंटिनात मोठ्या डोंगररांगेच्या पायथ्याला ते लोक राहतात. अलेंतियाक आणि मिल्कायाक अशा त्यांच्या दोन भाषा होत्या, त्या बोलणारं आता कुणी नाही. लोक आहेत, स्वतःला हुआर्पे म्हणवतात, पण बोलतात स्पॅनिश.

"मग त्या भाषा होत्या हे कळलं कसं?" मी विचारलं.

"चारेकशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याने लिहून ठेवलं म्हणून. थोडं व्याकरण, थोडे शब्द, प्रार्थना. आणि माणसाकडून पापांची कबुली घेताना विचारायचे प्रश्न."

"कसले प्रश्न?"

"असतात तसलेच. चोरी केलीस का, खोटं बोललास का. पाद्र्यांना विचारता यावेत म्हणून त्या लोकांच्या भाषेत मांडलेले."

"आणि उत्तरं?"

"उत्तरं कोण लिहिणार? त्यांचं काम विचारायचं." मग ती एकदम हसली. "अहो आजोबा, सालं पातेल्यात टाकताय आणि डाळिंब्या कचऱ्यात!"

मी डोळ्यांवर ढकललं. खरं म्हणजे माझं लक्ष वालांवर नव्हतं. एक प्रश्न मीही विचारला होता, दुसऱ्याच्या भाषेत. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ते मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ मला स्वतःलाही माहीत नव्हता.

नोकरीची पहिली वर्षं मी कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीच्या शाळेत होतो. एक खोली, एक फळा, आणि मी. मुलं आपसात त्यांच्या बोलीत बोलायची. ये, बस, पाणी, भाकरी, घर असे शब्द मी उचलले. खाली गावात चहाला बसलो की ते म्हणून दाखवायचो. लोक हसायचे, कौतुक करायचे. गुरुजींना त्यांची भाषा येते असं गावभर झालं आणि ते मी होऊ दिलं.

त्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या पंपाची तांब्याची तार गेली. चोरी झाली की पहिलं बोट वाडीकडे जायचं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, मलाही नाही. ओढ्याजवळच्या शेवटच्या घरातल्या माणसाला पोलीस चौकीत घेऊन गेले. त्याला मराठी येत होतं. मला लाकूडफाटा आणून द्यायचा तेव्हा मराठीतच घासाघीस करायचा. पण मार बसला तसं त्याचं मराठी गेलं आणि तो आपल्या बोलीत बोलायला लागला. तेव्हा तारेचा मालक म्हणाला, "आपलं गुरुजी हायेत ना. बोलवा त्यांना, त्यांना समदं कळतं."

मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा तो माणूस भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. आपला माणूस आला असं त्याला वाटलं असणार.

"विचारा याला, तार घेतलीस का म्हणून," हवालदार म्हणाले.

मी माझ्या मोडक्या बोलीत विचारलं. त्याने माझ्याकडे बघत एका दमात लांबलचक काहीतरी सांगितलं आणि थांबला. त्यातलं मला 'घर' एवढंच कळलं.

"काय म्हणतो?"

मी दाराकडे बघितलं. तारेचा मालक दारात उभा होता. "काय वो गुरुजी, येती ना भाषा?"

मला कळलं नाही, एवढं म्हणायचं होतं. पण मी घाबरलो. लोक हसतील याला घाबरलो, आणि हवालदारांचा राग माझ्याकडे वळेल यालाही. मी म्हणालो, "घेतली म्हणतो. घरी ठेवलीय."

त्यांनी त्याचं घर उचकटलं. तार मिळाली नाही. मग ती कुठे विकली हे विचारण्यासाठी त्याला पुन्हा मारलं. सुटून आला तेव्हा त्याचा एक पाय सरळ होत नव्हता. पावसाळ्यानंतर ते कुटुंब वीटभट्टीवर गेलं आणि परत आलं नाही. मी बदली मागून घेतली.

चौकीतून परत येताना मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो. वाटेत कधीतरी अर्थ लागेल अशी आशा होती. अर्थ लागला नाही, वाक्य मात्र बसलं. पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली, तिचा आवाज मला आता नीट आठवत नाही. त्या माणसाचा आठवतो, कुठे श्वास घेतला तेही. कर्जतच्या बाजारात रानभाजी घेऊन बसलेल्या कातकरी बायका दिसल्या की मी रस्ता ओलांडायचो. त्यांच्यातल्या कुणालाही विचारता आलं असतं. तो 'नाही' म्हणाला होता असं कळलं तर काय, ही भीती होती. 'हो' म्हणाला असेल तर मला हायसं वाटेल, आणि त्या वाटण्याचीही भीती होती.

वाल सोलून झाले तेव्हा नात म्हणाली, "तुम्ही वाडीत शिक्षक होतात ना? मला म्हाताऱ्या माणसांची बोली रेकॉर्ड करायचीय. ओळख करून द्या."

"गुडघा दुखतोय."

"काल बाजारात बरा होता."

रात्रभर तो पाद्री डोक्यात होता. त्याच्या प्रश्नांना लोक काय म्हणाले ते आता कुणी सांगू शकत नाही. मला सांगू शकणारी माणसं रिक्षाच्या अंतरावर होती, पण तीही म्हातारी झाली होती. आणि ते वाक्य माझ्या डोक्याखेरीज कुठेच नव्हतं. सकाळी मी चपला घातल्या आणि नातीला हाक मारली.

वाडीत आता सिमेंटची घरं आहेत, पाण्याची टाकी आहे. एक म्हातारी उन्हात सुकट निवडत बसली होती. तिने मला निरखलं.

"शालंतलं गुरुजी ना तुमी? आरं द्येवा, पार टक्कल पडलं की!"

नात खो खो हसली. म्हातारीने तिला शेजारी बसवलं, शब्द सांगितले, एक गाणं म्हटलं. "आता कोन बोलतंय गं आसं. आमची पोरंच हसतात आमाला."

मी म्हणालो, "मावशी, मला एक विचारायचंय." आणि ते वाक्य म्हटलं. दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदाच. शेवटचे शब्द नीट निघाले नाहीत.

तिचा हात सुकटीवर थांबला. "परत बोला."

मी परत म्हटलं.

"कोन बोललं ह्ये?"

मी सांगितलं. ओढ्याजवळच्या घरातला, ज्याला चौकीत नेलं होतं तो. तिने हातातली सुकट सुपात टाकली. मग मराठीत म्हणाली, "पोर तापानं फनफनलीय, घरात येकटी हाय. तिला पानी पाजून येतो, मंग मारा. आसं बोलला त्यो."

तारेचं त्यात काहीच नव्हतं. तो 'हो' म्हणाला की 'नाही', यात मी आयुष्य काढलं होतं.

"मंग तुमी काय सांगितलं त्यांना?" तिने विचारलं.

नात माझ्याकडे बघत होती. तिचा फोन सुकटीच्या सुपाशेजारी चालू होता. खोटं सांगावंसं वाटलं, अजूनही.

"तार घेतली, घरी ठेवली, असं सांगितलं."

म्हातारी पुन्हा सुकट निवडायला लागली. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात ती मान वर न करता म्हणाली, "ती पोर हाय. खालापूरच्या अंगाला दिलीय, नातवंडं झाली तिला. बापानं चोरी कबूल क्येली, आसंच तिला ठाव हाय. तिला सांगा जाऊन."

"तुम्ही सांगाल का?" मी विचारलं.

"मी का सांगू? मी न्हवते चौकीत."

परतताना रिक्षात नात फोन मुठीत धरून बसली होती. घरी आल्यावर तिने फोनमधलं ते रेकॉर्डिंग मला ऐकवलं. "हे मी कॉलेजात देणार नाही," ती म्हणाली. "हे त्या खालापूरच्या बाईंचं आहे. आणि तुम्ही सगळं लिहून काढा. मी लिहिणार नाही." त्याच्या बोलीतलं ते वाक्य मी इथे दिलेलं नाही, ते एवढ्याचसाठी. माझ्या हातून ते पहिल्यांदा त्याच्या मुलीपर्यंतच जायला हवं.

रविवारी रिक्षा सांगितली आहे. ती बाई घरी नसावी असं मला मनातून वाटतं. दर थोड्या वेळाने उठून मी पाणी पितो आणि ते वाक्य विसरलो तर नाही ना, म्हणून हळूच म्हणून बघतो.