एका हाताची खुर्ची

कॉलेजच्या वर्कशॉपमधले सुतारमामा शब्दसुद्धा मापून वापरायचे. बोलायचं वाक्य आधी मनात दोनदा जोखायचं, आणि बहुतेक वेळा ते तिथेच ठेवून द्यायचं. तीस वर्षांत त्यांनी कॉलेजची बाकं केली, दारं बसवली, नाटकातली सिंहासनं उभी केली, पण कुठल्याही कामाला पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हटलं नाही. ‘बघू’ म्हणायचे. त्यांचं ‘बघू’ म्हणजे काम झालंच, हे जुन्या लोकांना माहीत होतं. नवीन लोक बिचारे चकरा मारत बसायचे.

म्हणून विद्यार्थी मंडळाची चष्मेवाली सेक्रेटरी “मामा, एक झुलती खुर्ची करून द्याल का?” असं विचारायला आली, तेव्हा ती चार चकरांची तयारी करूनच आली होती. खुर्ची कशाला, तेही तिने सांगून टाकलं. तीन दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, कॉलेजच्या पोर्चमध्ये ती खुर्ची झुलत ठेवायची. पोरं अर्ध्या अर्ध्या तासाने बदलतील, पण खुर्ची थांबणार नाही. थांबली की मोहीम संपली. येणारे-जाणारे डब्यात टाकतील ते पैसे मुलांच्या हॉस्पिटलला आणि लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला जातील. शेवटी खुर्चीही तिथल्याच वॉर्डात द्यायची, आयांना बसायला.

“हो,” मामा म्हणाले.

सेक्रेटरीने उरलेल्या तीन चकरा मनातल्या मनात रद्द केल्या. मामांनी पेन्सिल कानामागून काढली, परत खोचली आणि विचारलं, “संशोधन म्हणजे काय करतात गं नक्की?”

“आज ज्याला औषध नाही ना मामा, त्याला उद्या सापडावं म्हणून खटपट करतात.”

मामांनी रंधा उचलला आणि फळी तासायला घेतली.

बावीस वर्षांपूर्वी त्याच हॉस्पिटलात एका भल्या डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, “याला अजून औषध नाही.” त्यातल्या ‘अजून’वर मामांचा फार राग. अजून म्हणजे कधी? त्यांची चिमणी पाच वर्षांची होती. ती आईच्या मांडीवरच झोपायची, दुसरीकडे डोळाच मिटायची नाही, आणि आई चाळीस दिवस एका लोखंडी स्टुलावर बसून होती. पाठ टेकायला जागा नाही. मामा म्हणाले होते, “थांब, मी तुला झुलती खुर्ची करून आणतो.” खरंच आणणार होते. पण कॉलेजात परीक्षेची बाकं निघाली, मग लाकूड ओलं निघालं, मग उद्या, मग परवा. एक्केचाळिसाव्या दिवशी खुर्चीची गरज उरली नाही.

बायकोने त्या खुर्चीचा विषय पुढे कधी काढला नाही. भांडणातसुद्धा नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मामांना वाटे. सुताराने बायकोला दिलेला शब्द, आणि तोही लाकडाचा, तो तेवढा पाळायचा राहिला होता.

तर खुर्ची झाली. पहिल्या दिवशी पोर्चमध्ये झुलू लागली, आणि दुपारी मामांच्या इभ्रतीला धक्का लागला. खुर्ची चालत होती. झुलता झुलता बोट बोट पुढे सरकत होती. सकाळी खांबापाशी होती, दुपारी पायऱ्यांपाशी आली.

“फरशीला उतार आहे,” मामा म्हणाले.

“नाचता येईना अंगण वाकडं,” कुणीतरी मागून म्हणालं. एकाने रस्त्याकडे बोट केलं. “अरे, ती हॉस्पिटलच्या दिशेने निघालीय. आपल्याआधी पोचायची.” पोरं हसली. मामा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोष शोधायला ते स्वतःच बसले. एका पोराने पाठीला हात लावून झोका चालू ठेवला, बसलेला उतरला आणि मामा चढले. ऊन पायऱ्यांवर निवांत पडलं होतं. खुर्ची पुढे गेली, मागे आली. खुर्चीखालच्या झुलत्या कमानींचा आवाज ऐकायचा म्हणून मामांनी डोळे मिटले आणि आवाज हळूहळू लांब गेला. पोर्च राहिला नाही. मांडीवर ओळखीचं वजन आलं, अकरा किलो, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे. तिच्या कपाळाला औषधाचा वास होता. खिडकीत संध्याकाळ होती आणि कुणालाच कुठे जायचं नव्हतं. मामांनी तिचं डोकं उजव्या कोपरावर घ्यायला हात पसरला, आणि कोपर खुर्चीच्या हातावर खाडकन आपटलं.

ते जागे झाले. खुर्ची झुलतच होती. मागे पोराचा हात होता.

सरकण्याचं राहिलं बाजूला, मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुर्ची त्यांनी एका माणसाची केली होती. पाच वर्षांचं लेकरू आडवं घेतलं की त्याचं डोकं कुठे येतं, हे जगात ज्याला ठाऊक असायला हवं, त्यानेच दोन्ही बाजूंना हात ठोकून ठेवले होते. त्यांना स्वतःची शरम वाटली.

“करवत आण माझी,” ते उतरत पोराला म्हणाले, मग सेक्रेटरीकडे वळले. “आणि तू बस. झुलत राहा.”

“मामा, चालू खुर्चीला करवत?”

“थांबवायची नाही म्हणालात ना?”

मग पोर्चमध्ये जे झालं ते बघायला प्राचार्यही येऊन उभे राहिले. सेक्रेटरी अंग चोरून खुर्चीत झुलत होती आणि मामा गुडघ्यावर बसून, तिच्याबरोबर पुढेमागे होत, खुर्चीचा उजवा हात कापत होते. खुर्ची पुढे आली की करवत मागे, खुर्ची मागे गेली की करवत पुढे. भुसा उन्हात तरंगत होता. हात सुटून खाली पडला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण खुर्ची काही थांबली नाही. कापलेली कड मामांनी संध्याकाळपर्यंत घासली, तीही झुलतीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा दारात उभे राहिले.

“आज हॉस्पिटलात खुर्ची पोचवायचीय. येतेस?”

“कुठली खुर्ची?”

“तुझी.”

तिने हातातली घडी पूर्ण केली आणि चपला घातल्या. बावीस वर्षं दोघं त्या रस्त्याने गेली नव्हती.

दिवस मावळल्यावर टेम्पोतून खुर्ची उतरली. वॉर्डात खिडकीपाशी ठेवली. पोरं दाराशी घोळका करून उभी राहिली. आता दोन शब्द बोलावेत की टाळ्या वाजवाव्यात हे ठरतंय, तेवढ्यात मामांची बायको पुढे गेली आणि खुर्चीत बसली. तिने पाठ टेकली. डोळे मिटले. डावा हात मांडीवर घेतला, उजवं कोपर बाहेर काढलं. तिथे काही अडलं नाही. ती झुलू लागली.

“बरोबर झालीय,” ती म्हणाली. मग डोळे न उघडताच म्हणाली, “उशीर केलात.”

“हो,” मामा म्हणाले. “केला.”

झोका तसाच चालू राहिला. कॉटपाशी एक तरुण आई मुलीला खांद्यावर घेऊन उभी होती. बसायला मागावं की नाही, असा तिचा चेहरा होता. मामांच्या बायकोने डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि खुर्ची हाताने धरून उठली.

“बस गं बाई,” ती म्हणाली. “मी नुसतं माप बघत होते.”