झरीच्या उन्हात गारठलेली बोटं

आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद. शिवाय मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यामुळे इथले भुताखेतांचे अनुभव आजवर हसत वाचले... आज स्वतःचा लिहायला बसलोय.

माझी बायको सुनीता परभणीजवळच्या आमच्या झरी गावातल्या शाळेत शिक्षिका होती. आमच्याकडे सगळं सपाट काळं रान, चढ म्हणून फक्त रेल्वेचा उड्डाणपूल. चाळिशी ओलांडल्यावर ती मैत्रिणींसोबत एका ट्रेकला गेली आणि तिला डोंगराचं वेडच लागलं. सॅकमध्ये विटा भरून शेतरस्त्यानं चालायची. गाव हसायचं.

मी एकदा विचारलं, "एवढं काय हाय गं तिथं?"

"खाली मी कुणाची मॅडम, कुणाची सून, कुणाची आई. वर गेलं की फक्त पुढचा श्वास घ्यायचा. लय मोकळं वाटतंय हो."

मागच्या मे महिन्यात ती नेपाळमधल्या एका आठ हजारी शिखरावर गेली. बेस कॅम्पवरून फोन आला — "उद्या वर निघायलोत. मायची गोळी चुकवू नका." तेच शेवटचं बोलणं.

शिखर गाठायच्या दिवशी, भर दुपारी, मी अंगणात कूलर भरत होतो. टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं. अचानक माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कुणीतरी धरली. दिसत काहीच नव्हतं. पण पकड होती... गार, आणि ओळखीची. रस्ता ओलांडताना सुनीता अशीच दोन बोटं धरायची.

मी ओरडलो. माय धावत आली.

"काय झालं रं?"

"माय, हात सुटंना!"

तिनं माझं मनगट धरलं आणि दचकून सोडलं. "आरं, बरफावानी गार पडलाय की!"

मग मीच मूठ घट्ट आवळली. वाटलं, सोडलं तर ती पडेल. बऱ्याच वेळानं पकड आपोआप सैल झाली. बोटं पांढरीफटक पडली होती, संध्याकाळपर्यंत काळीनिळी झाली.

परभणीचे डॉक्टर बोटांकडे बघतच राहिले. "सर, हा हिमदंश आहे. कुठल्या बर्फात गेला होतात?"

"कुठंच नाही. घरीच होतो, झरीला."

त्यांनी मला दाखल करून घेतलं. दोन्ही बोटांची टोकं काढावी लागली.

मी दवाखान्यात असतानाच फोन आला. सुनीता गेली होती — शिखर गाठून उतरताना. देह इतक्या उंचावर आहे की आणता येणार नाही. तो अजून तिथंच आहे.

काही आठवड्यांनी तिच्यासोबतचा शेर्पा फोनवर बोलला. मॅडम चांगल्या उतरत होत्या, म्हणाला. दुपारी अचानक खाली बसल्या, हातमोजा काढला आणि हात पुढं धरून राहिल्या. त्यानं खूप ओढलं, विनवण्या केल्या. त्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, "मेरे पति आए हैं. हाथ नहीं छोड़ रहे."

ऑक्सिजन कमी पडला की भास होतात, माणसं हातमोजे काढून फेकतात. ते मला कळतं. माझी बोटं मात्र मे महिन्याच्या उन्हात, घरच्या अंगणात गोठली.

नातेवाईक म्हणतात, शेवटच्या घडीला तू तिच्याजवळ होतास, एवढं तरी समाधान मान.

कसलं समाधान? ती खाली यायला निघाली होती... आणि मी हात सोडला नाही.