पोरीला लाल दिसेना, आणि कळलं जाऊबाईंना

खोटं कशाला बोलू, मी जावेवर जळते.

गेल्या महिन्यात टोमॅटो निवडताना माझी नऊ वर्षांची ईश्वरी पिकलेला माल कच्च्याच्या क्रेटमध्ये टाकत होती. मी पाठीत धपाटा घातला. जाऊबाई म्हणाल्या, "मारू नको गं, पोरीला लाल रंग दिसंना झालाय."

डॉक्टरांना दाखवलं, निघालं तसंच. शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्यांच्या नसांवरचं आवरण खात होती. लहान मुलांत हा आजार असा रंग न दिसण्यापासूनही सुरू होतो म्हणे.

औषधं सुरू झाली, आज संगमनेरच्या दवाखान्यात परत तपासलं, नजर सुधारलीय. डॉक्टर म्हणाले, "आईचं लक्ष होतं म्हणून वेळेत कळलं." मी नुसती हसले.

घरी जाऊबाईंनी विचारलं, "काय म्हणले गं डॉक्टर?"

"बरं हाय म्हणले."

तुम्ही खरं सांगितलं असतं का? जाऊबाई फेसबुकवर नाहीत, म्हणून विचारतेय.