परचुरे सरांचा कॅल्क्युलस

चिंचवडच्या एका तंत्रनिकेतनात सदाशिव परचुरे गणित शिकवायचे. कारखान्यातली शिफ्ट संपवून आलेली पोरं संध्याकाळच्या वर्गात पेंगायची, तरी सरांचा आवाज कधी चढला नाही. "कॅल्क्युलस म्हणजे काही बागुलबुवा नाही रे," एवढंच म्हणून ते फळा पुसत आणि पुन्हा मुळापासून सुरू करत.

१९७४च्या उन्हाळ्यात त्यांच्या कमरेत कळा येऊ लागल्या. वडील पोटात गाठ होऊन गेले होते, त्यांचंही दुखणं असंच सुरू झालेलं. आपलंही तेच, असं सदाशिवरावांनी मनाशी धरूनच टाकलं. बायकोला, शैलाताईंना, मात्र पत्ता लागू दिला नाही. शेवटी एकदा शिकवता शिकवता ते फळ्याशीच मटकन बसले. पोरांनी रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच शैलाताई धावत आल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "कॅल्क्युलस."

"हो," सदाशिवराव कण्हत म्हणाले, "तोच शिकवतो मी."

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो सर, मुतखडा झालाय तुम्हाला. आम्ही त्यालाच कॅल्क्युलस म्हणतो."

"म्हणजे गाठ नाही?"

"गाठबीठ काही नाही. बारीकसा खडा आहे. पाणी भरपूर प्या, पडून जाईल."

सदाशिवरावांनी डोळे मिटून घेतले. कळ होती तशीच होती, पण छातीवरचं ओझं उतरलं.

"कसली गाठ?" शैलाताईंनी विचारलं. "आणि इतके दिवस एकटेच कुढत बसलात?"

डॉक्टर गप्पिष्ट होते. ते म्हणाले, "शब्द मूळचा लॅटिन, अर्थ खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून तो तुमच्या गणितात शिरला. दातांवर घट्ट बसलेल्या कीटणालाही दंतवैद्य हेच म्हणतात. आ करा बघू."

सदाशिवरावांनी मुकाट्यानं आ केला.

"तेही आहे," डॉक्टर म्हणाले, तशा शैलाताई पदर तोंडाशी धरून हसू लागल्या.

हुलग्याचं कढण पिऊन पिऊन सर कंटाळले, पण खडा पडला. त्या दुपारी आमरसाची वाटी संपवून त्यांनी शैलाताईंपुढे पुन्हा धरली.

"अजून वाढ," ते म्हणाले, "महिनाभर चवच लागत नव्हती."