ज्या सीनला सगळं थेटर हसलं

सरांनी माझी वेणी धरली आणि डोकं खाली दाबलं.

"चार पायांवर."

मी हात टेकले. मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी होती. ती गळायची, म्हणून तिच्याखाली उन्हाळ्यातबी हिरवं गवत असायचं. तिथपर्यंत मला तसंच रांगत नेलं. गुडघ्यांत मुरूम रुतत होता. सरांनी मूठभर गवत मुळासकट उपटलं. माती झटकली नाय. माझ्या तोंडापाशी धरलं.

"खा. मेंढीला दुसरं काय घालणार?"

मी तोंड मिटून घेतलं. त्यांनी गालाची दोन्ही हाडं बोटांनी दाबली. तोंड उघडलं. गवत आत कोंबलं.

बाकीच्या पोरी रांगेत उभ्या होत्या. सर त्यांच्याकडं वळले. "हसा. जी हसणार नाही, ती मी सांगेपर्यंत पळेल."

पोरी हसल्या. भिऊन हसल्या, पण आवाज हसण्याचाच होता. एकटी शीतल हसली नाय. ती पदमपुऱ्याकडच्या एका बौद्ध वस्तीतली. बाप हमाल होता तिचा. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सरांनी सांगायच्या आधीच पळायला लागली. चक्कर येऊन पडेपर्यंत पळाली. तिला उचलायला कुणी गेलं नाय. मी मातीसकट गवत चावत होते. दातांत कचकच होत होती.

माझा गुन्हा एवढाच, की अंगात ताप असताना मी निवड चाचणीत शेवटी आले होते. मी चौदा वर्षांची होते.

आम्ही धनगर. गाव गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. आबा मेंढरं घेऊन निम्मं वरीस बाहेर असायचे. आई दुसऱ्याच्या उसात नाहीतर कापसात. शाळेतल्या गुरुजींनी एकदा शर्यत लावली, मी मोठ्या पोरांच्या पुढं निघाले. गुरुजींनी आबांना सांगितलं, पोरगी शहरात न्या, छावणीच्या बाजूला एक सर हायत, पळायला शिकवतात, त्यांच्याकडच्या पोरी राज्यात खेळतात. आबा मला जीपगाडीत घालून घेऊन आले. सरांच्या पाया पडले. म्हणाले, "पोरगी तुमच्या वटीत टाकली."

सरांनी माझं नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मग बाप काय करतो. आबांनी सांगितलं. सर हसले आणि म्हणाले, "म्हणजे मेंढरंवाली."

दुसऱ्या दिवसापासून मी मेंढी. नाव गेलं ते गेलंच. हजेरीला बाकीच्या पोरी 'येस सर' म्हणायच्या. मी 'बॅ' म्हणायचं. हळू म्हटलं तर परत. लाजून म्हटलं तर परत. सर कुणी पाहुणे आले की मला मुद्दाम बोलवायचे. "ऐकवा साहेबांना." मी ऐकवायची. साहेब चहा पिता पिता हसायचे.

हे सगळं मी सोसलं, कारण मी पळत होते. आणि पळाले की जिंकत होते. सरांच्या पोरींचीच निवड होते हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. गवताच्या दिवसानंतर मात्र मला शिट्टी ऐकली की ओकारी यायची. रोज. मग एक दिवस मी वसतिगृहातून पेटी उचलली आणि एसटीत बसून गावाला गेले. आबांना सांगितलं, पाय दुखतो. आई म्हणाली, तेल लाव. पायाला काही झालंच नव्हतं. तरी मी कितीतरी दिवस तेल लावून घेतलं.

पुढं मी शिकले, परीक्षा दिली, एसटीत कंडक्टर लागले. लग्न झालं. लेकरू झालं. गंगापूरच्या गाडीवर ड्युटी असायची. सर इकडं मोठे होत गेले. त्यांच्याकडची एक पोरगी परदेशातून पदक घेऊन आली आणि सरांच्या गळ्यात हार पडले ते पडतच राहिले. क्रांती चौकात त्यांचं बॅनर. त्यांच्यावर सिनेमा निघतोय हे मला ड्रायव्हर काकांनी सांगितलं.

मग सिनेमाचा लेखक मला शोधत स्टँडवर आला. चांगला पोरगा होता. वागायला नम्र. ताई ताई करत होता. म्हणाला, "सरांच्या जुन्या मुलींना भेटतोय. सगळ्या फक्त कौतुकच सांगतात. तुम्ही खरं सांगा."

खरं सांगा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं. नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं. कँटीनच्या बाकावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. वेणी, मुरूम, गवत, शीतल. तो मोबाइलवर आवाज भरून घेत होता. ऐकताना मध्येच त्यानं ओठ आवळले. मला वाटलं, भरून आलं पोराला. पण तो हसू दाबत होता.

"सॉरी ताई," तो म्हणाला. "पण हे जबरदस्त आहे. म्हणजे दिसायला. तुम्ही तो आवाज कसा काढायचात?"

"कोणता?"

"बॅ."

मी पाणी पिले. म्हणाले, "ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

त्यानं मला समजावलं. शांतपणे. शिक्षक समजावतो तसं. म्हणाला, "ताई, ही डार्क कॉमेडी आहे. आम्ही रडकं काही करत नाही. लोक आधी हसतील. मग त्यांचं त्यांनाच टोचेल की आपण कशाला हसलो. तीच खरी गंमत असते."

मला त्यातलं टोचेल एवढंच कळलं. म्हटलं, टोचू दे. एकदा टोचू दे लोकांना.

सिनेमा लागला तेव्हा मी आबांना गावाहून बोलवून घेतलं. आबा कधी असल्या थेटरात आले नव्हते. गार हवेत त्यांनी मुंडासं कानावर ओढून घेतलं. सरांचं काम एका नामांकित विनोदी नटानं केलं होतं. तो पडद्यावर आला की लोक शिट्ट्या मारायचे. आबाही हसले एक-दोनदा.

पडद्यावर एक पोरगी मेंढरांमागं पळत होती. म्हणून तिला वेग आला, असं दाखवलं होतं. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "मेंढरामागं कोण पळतंय? मेंढरं बिचकतील की." मला हसू आलं. त्या दिवशी मी तेवढंच हसले.

मग टाकी आली. खरी टाकी गंजलेली होती. ही रंगवलेली. पोरगी चार पायांवर. मागून पिपाणीसारखं कसलं तरी वाजायला लागलं, पावलागणिक एक सूर. नटानं गवत उपटलं. आधी स्वतः हुंगलं. तोंड वाकडं केलं. त्यावर मीठ टाकल्यासारखं केलं. थेटर फुटलं. पोरीनं गवत चावलं आणि 'बॅ' केलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस मांडीवर थापा मारत होता. एक बाई डोळे पुसत होती, हसून हसून. एक लेकरू आईला म्हणत होतं, "परत लाव ना, परत लाव."

तेव्हा पोरींना हसायला लावलं होतं. इथं कुणी लावलं नव्हतं.

मी वाट बघत बसले. टोचेल. आता टोचेल. पुढच्या सीनमध्ये ती पोरगी शर्यत जिंकली आणि तिनं पदक सरांच्या गळ्यात घातलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडत रडत म्हणाली, "तुम्ही गवत खाऊ घातलं नसतं तर मी इथं नसते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शीतल सिनेमात नव्हतीच. न हसणारी पोरगी त्यांना लागली नसावी.

मध्यंतराचे दिवे लागले. आबा माझ्याकडं बघत होते.

"ही तू हायस का?"

"व्हय."

"गवत?"

"व्हय आबा."

आबांचे हात मांडीवर होते. ते उचलून त्यांनी परत तिथंच ठेवले.

"मला कामून नाय सांगितलं?"

"तुमी त्याच्या पाया पडला होता."

आबा उठले. पुढचा सिनेमा आम्ही बघितला नाय. स्टँडवर मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते हातात धरलं आणि पिलं नाय. गाडीत चढताना एवढंच म्हणाले, "मी त्या माणसाला कोकरू दिलं होतं. सणाला." आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

नंतर तो सीन मोबाइलवर फिरायला लागला. कॉलेजची पोरं त्याच्यावर स्वतःचे व्हिडिओ करायची, गवत खायची, बॅ करायची. ती मेंढी म्हणजे मी, हे गावात कुणीतरी बोललं आणि गाडीपर्यंत आलं. एक दिवस सकाळच्या गाडीत मी तिकीट फाडत मागं गेले. शेवटच्या बाकावरून आवाज आला. बॅ. मग दुसरा. मग आख्खा बाक. अंगावर वर्दी होती माझ्या. बिल्ला होता. म्हातारी माणसं, शाळेच्या पोरी, सगळे वळून बघत होते. काहींना माहीत नव्हतं काय चाललंय, तरी ते हसत होते.

मी गाडी थांबवली. म्हटलं, "उतरा."

ड्रायव्हर काका वळून म्हणाले, "जाऊ दे ना बाई, लेकरं हायत. सिनेमातली गंमत हाय."

पोरं उतरली नाहीत. बाकीचे प्रवासी ओरडायला लागले, उशीर होतोय. मी घंटी दिली. गाडी निघाली. गंगापूरपर्यंत मी पुढं उभी राहिले, मागं गेले नाय.

त्यानंतर सरांचा फोन आला. इतक्या वर्षांनी. "मेंढी, कशी आहेस? सिनेमाचा सत्कार ठेवलाय. तू तर हिट झालीस. ये."

मी गेले. नवरा नको म्हणाला. आबा नको म्हणाले. मी गेले, कारण तिथं माईक असणार होता.

हॉल भरलेला होता. तो नट होता, लेखक होता, शहरातली वजनदार माणसं होती. सर म्हातारे झाले होते, आवाज तोच होता. त्यांनी मला नावानं नाय पुकारलं. "आपली ओरिजिनल मेंढी कुठाय?" म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर गेले. सरांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माईक माझ्यापुढं धरला.

"होऊन जाऊ दे एकदा. लोकांना खरा आवाज ऐकू दे."

मी माईक त्यांच्या हातातून घेतला. हात खांद्यावरून काढला.

"मी तो आवाज काढणार नाय," मी म्हटलं. "मी चौदा वर्षांची होते. अंगात ताप होता. या माणसानं माझी वेणी धरून मला रांगायला लावलं आणि माझ्या तोंडात माती कोंबली."

मला वाटलं, आता हॉल गप्प होईल.

हॉल हसला.

त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग आहे. मी तोंड गंभीर करून बोलतेय म्हणून जास्तच मजा आली त्यांना. मी तेच परत म्हटलं, शब्द न बदलता. आता कमी हसले. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तेव्हा कुठं खुर्च्या वाजायच्या थांबल्या. पहिल्या रांगेतला लेखक खाली, स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

निवेदिका धावत आली. "ताई भावुक झाल्यात," म्हणाली आणि माईकला हात घातला. मी सोडला नाय. मग सर पुढं झुकले आणि माझ्याच हातातल्या माईकमध्ये बोलले.

"बघा, आमच्या मेंढीला शिंगं फुटली."

सगळ्यात मोठं हसू तेव्हा आलं. सुटका झाल्यासारखे हसले लोक. मी माईक टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरले. कुणी माझ्यामागं आलं नाय. दुसऱ्या दिवशी पेपरात सत्काराचा फोटो आला. त्यात मी नव्हते.

मी शीतलला शोधलं. ती आता एका दवाखान्यात आया आहे. फोनवर मी तिला म्हटलं, "तू बघितलं होतंस. तू एकटी हसली नव्हतीस. चार माणसांपुढं एवढंच सांग."

ती म्हणाली, "माझी पोरगी सरांकडंच हाय गं."

"काय?"

"मागच्या वर्षापासून. लई पळते. निवड तिथूनच होते, तुला माहीतंय. तिची चाचणी जवळ आलीय. मी आत्ता बोलले तर तिचं संपलं."

"तिला तो काय म्हणून हाक मारतो?"

शीतलनं फोन ठेवला.

मी तिच्यावर चिडले नाय. दिवसभर विचार केला. मी बोलले तर लोक हसतात. शीतल बोलली तर पोरीची निवड जाते. सिनेमावाले बोलले तर त्याची गंमत होते. मग राहिलं काय?

डोळे राहिले.

आता माझी ड्युटी दुपारी संपते. वर्दी न बदलता मी छावणीकडं जाते आणि मैदानाच्या कठड्यावर बसते. मोबाइल काढत नाय, कुणाशी बोलत नाय. शिट्टी वाजली तरी उठत नाय. मी पोरींकडं बघते. त्यातली शीतलची कोणती हे मी विचारलं नाय. सगळ्याच बघते.

पहिल्या दिवशी सरांनी माणूस पाठवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतः आले.

"इथं बसायचं नाही."

"का?"

"मुलींचं लक्ष जातं."

"जाऊ द्या."

"तुला पाहिजे तरी काय?"

"काही नाय. मी बघतेय."

ते माझ्या डोक्यावरून पलीकडं, कठड्याच्या बाहेर बघत होते. मग गेले. त्या दिवशी त्यांनी एकाही पोरीला जातीवरून हाक मारली नाय. मला त्याचं समाधान वाटत नाय. मी नसेन त्या दिवशी ते तशी हाक मारणारच आहेत. म्हणून मी असणार आहे. ऊन असो, सुट्टी असो, वरून बदलीचा हुकूम येवो. बदली झाली तर नोकरीचं काय ते बघेन, कठडा सोडणार नाय.

आणि ज्या दिवशी त्या मैदानावर एका जरी पोरीला हात टेकायला लावले, त्या दिवशी मी कठड्यावरून आत उडी मारीन. त्या माणसाचं मनगट धरीन. मग ज्याला हसायचं त्यानं हसावं.